परदेशी बांधकाम कंपन्यांची सक्तीची नोंदणी : गोंदिया जिल्ह्याच्या संदर्भात एक विवेचन

गोंदिया शहराची भरभराट रेल्वेमुळे झाली, ही गोष्ट सर्वपरिचित आहे. परंतु ज्या कंपनीने येथील लोहमार्ग रुंद केला, तो पुढे बंगालपर्यंत नेला आणि सातपुड्याच्या डोंगरांतून जबलपूरपर्यंत अरुंदमापी मार्ग घातला, ती कंपनी कायद्याच्या दृष्टीने परदेशी होती, ह्याकडे क्वचितच लक्ष दिले जाते. तिची स्थापना लंडनमध्ये झाली होती. तिचे संचालक व भागधारक प्रामुख्याने तिकडचे होते. काम मात्र भंडारा जिल्ह्याच्या रानांत चालले होते, आणि त्यासाठी लागणारे मजूर, लाकूड व दगड येथलेच होते.

अशा परिस्थितीत एक साधा प्रश्न उपस्थित होतो. परक्या देशात स्थापन झालेली कंपनी बांधकामासाठी येते, उधारीवर माल घेते, मजूर लावते आणि काम पुरे होताच निघून जाते. तिच्याकडून येणे राहिले, तर स्थानिक माणसाने दाद कोणाविरुद्ध व कोठे मागावयाची? परदेशी कंपन्यांच्या सक्तीच्या नोंदणीचा कायदा हा मूलतः ह्या प्रश्नाचे उत्तर आहे. ही नोंदणी म्हणजे कंपनीच्या लायकीचे प्रशस्तिपत्र असा समज सामान्यतः आढळतो. तो बरोबर नाही. नोंदणीने परक्या कंपनीला ह्या देशात एक पत्ता आणि एक जबाबदार माणूस प्राप्त होतो. तिचे महत्त्व त्यातच आहे, आणि तिची मर्यादाही तीच आहे.

बंगाल-नागपूर रेल्वेचे उदाहरण

नागपूर ते राजनांदगाव हा मीटरमापी मार्ग सरकारने १८८२ पर्यंत पुरा केला होता. १८८७ साली बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी स्थापन झाली. तिने हा मार्ग ताब्यात घेऊन त्याचे रुंदमापीत रूपांतर केले, आणि १८९१ पर्यंत तो आसनसोलपर्यंत वाढविला. गोंदियाहून नैनपूरमार्गे जबलपूरला जाणारा अडीच फुटी सातपुडा मार्ग १९०३ ते १९०५ ह्या काळात टप्प्याटप्प्याने खुला झाला. मार्गाची मालकी सरकारची आणि बांधणी व कारभार कंपनीचा, अशी ही व्यवस्था होती. आजच्या परिभाषेत सांगावयाचे तर कंपनीचे स्थान मालकापेक्षा कंत्राटदाराला अधिक जवळचे होते.

ह्या कंपनीला जाब विचारण्याचा मार्ग त्या वेळी कंपनीविषयक कायद्यात नव्हता. तो भारतमंत्र्याशी झालेल्या करारात आणि रेल्वेच्या स्वतंत्र कायद्यात होता. १८९० च्या भारतीय रेल्वे अधिनियमाच्या १४० व्या कलमाने असे ठरविले की, कंपनीकडून चालविल्या जाणाऱ्या रेल्वेवर बजावावयाची नोटीस त्या कंपनीच्या हिंदुस्थानातील एजंटावर बजावावी. बंगाल-नागपूर रेल्वेचा एजंट कलकत्त्यास असे. माल हरवला अथवा खराब झाला, तर त्याच अधिनियमाच्या ७७ व्या कलमान्वये सहा महिन्यांच्या आत लेखी मागणी करणे आवश्यक होते. म्हणजे गोंदियाच्या तांदूळ-व्यापाऱ्याला लंडनशी पत्रव्यवहार करण्याची गरज नव्हती. कलकत्त्याचा पत्ता पुरेसा होता. एका विशिष्ट धंद्यापुरती का होईना, परदेशी कंपनीला देशात जबाबदार प्रतिनिधी असलाच पाहिजे ही कल्पना येथे स्पष्टपणे दिसते. पुढे १९४४ साली सरकारने ही रेल्वे आपल्या ताब्यात घेतली आणि प्रश्नाचे ते स्वरूप संपले.

सर्वसाधारण कायद्याचा विकास

रेल्वेपुरती असलेली ही कल्पना सर्व धंद्यांना लागू करण्याचे काम कंपनी कायद्याने केले. इंग्लंडमध्ये १९०७ च्या सुधारणेने परदेशी कंपन्यांवर कागदपत्रे दाखल करण्याचे बंधन प्रथम आले. त्याचे अनुकरण १९१३ च्या भारतीय कंपनी अधिनियमाच्या २७७ व्या कलमात करण्यात आले. त्या कलमातील शब्द ध्यानात घेण्याजोगे आहेत. ‘परदेशी’ असा शब्द न वापरता ‘ब्रिटिश हिंदुस्थानाबाहेर स्थापन झालेली’ कंपनी, असे म्हटले होते. ह्याचा परिणाम गोंदियाच्या परिसरात विलक्षण होता. सालेकसा व दरेकसा ओलांडून रेल्वे डोंगरगडला पोहोचे तेव्हा ती खैरागड संस्थानात शिरे, आणि तेथून पुढे नांदगाव संस्थान लागे. अशा संस्थानाच्या कायद्याखाली स्थापन झालेली कंपनी गोंदियात दुकान मांडती, तर कायद्याच्या दृष्टीने ती लंडनच्या कंपनीइतकीच परकी ठरली असती. परकेपणाची कसोटी अंतर किंवा भाषा ही नसून कंपनीला अस्तित्व देणारा कायदा कोणाचा, ही होती.

१९५६ च्या कंपनी अधिनियमाने ५९१ ते ६०८ ह्या कलमांत हा विषय विस्ताराने मांडला, आणि संस्थानांच्या विलीनीकरणानंतर ‘भारताबाहेर’ हीच सीमा राहिली. आज छत्तीसगडमधील अथवा बालाघाटमधील कंपनी गोंदियात काम करू लागली, तर ती ह्या अर्थाने परदेशी नाही. १ एप्रिल २०१४ पासून ५९१ ते ६०८ ह्या कलमांची जागा २०१३ च्या अधिनियमातील बाविसाव्या प्रकरणाने, म्हणजे कलम ३७९ ते ३९३ ह्यांनी घेतली. नव्या व्याख्येने कक्षा वाढविली. स्वतः अथवा एजंटामार्फत, प्रत्यक्ष अथवा इलेक्ट्रॉनिक माध्यमाने धंद्याचे ठिकाण ठेवणाऱ्या कंपन्या तीत समाविष्ट झाल्या.

नोंदणीत काय सांगावे लागते

३८० व्या कलमाप्रमाणे भारतात धंद्याचे ठिकाण स्थापन केल्यापासून तीस दिवसांच्या आत परदेशी कंपनीने निबंधकाकडे माहिती दाखल करावयाची असते. तीत पुढील बाबी येतात : कंपनीच्या घटनापत्रकाची व नियमावलीची प्रमाणित प्रत, तिच्या मूळ कार्यालयाचा संपूर्ण पत्ता, संचालकांची व चिटणीसाची यादी, भारतातील मुख्य कार्यालयाचा पत्ता, पूर्वी भारतात कार्यालय उघडले व बंद केले असल्यास त्याचा तपशील, संचालक व प्रतिनिधी ह्यांना शिक्षा अथवा मनाई झालेली नसल्याचे प्रतिज्ञापन, आणि कंपनीच्या वतीने समन्स व नोटिसा स्वीकारण्याचा अधिकार असलेल्या, भारतात राहणाऱ्या व्यक्तीचे नाव व पत्ता.

ह्यांपैकी शेवटची बाब सर्वांत महत्त्वाची होय. ३८३ व्या कलमानुसार त्या व्यक्तीच्या नावे, दाखल केलेल्या पत्त्यावर पोहोचविलेली अथवा टपालाने पाठविलेली नोटीस कंपनीवर रीतसर बजावली गेली असे मानले जाते. ‘आमचे संचालक दुसऱ्या खंडात आहेत, आम्हांस काही कळलेच नाही’ ही सबब मग चालत नाही. पूर्वीच्या कार्यालयांचा तपशील मागण्यातही असाच व्यवहारी हेतू दिसतो. एकदा येऊन गेलेली कंपनी पुन्हा येते तेव्हा तिचा पूर्वेतिहास दप्तरात सापडावा, अशी ही तजवीज आहे.

३८२ वे कलम वरवर पाहता किरकोळ वाटते. प्रत्येक कार्यालयाबाहेर कंपनीचे नाव आणि तिच्या स्थापनेचा देश इंग्रजीत, तसेच त्या परिसरात प्रचलित असलेल्या भाषेच्या लिपीत ठळकपणे लावला पाहिजे, असे ते सांगते. भागधारकांची जबाबदारी मर्यादित असेल तर तेही पाटीवर व व्यवहाराच्या पत्रांवर नमूद करावे लागते. आमगाव अथवा देवरी येथे अशा कंपनीचे कार्यालय असेल तर देवनागरी पाटी हा शिष्टाचाराचा भाग नसून कायद्याचे बंधन आहे. आपण कोणाला उधार देत आहोत आणि त्याची जबाबदारी कोठपर्यंत आहे, हे दारात उभ्या असलेल्या माणसाला वाचता यावे, हा त्यामागील हेतू आहे.

ही कागदपत्रे जिल्ह्याच्या ठिकाणी दाखल होत नाहीत. ती केंद्र शासनाच्या कंपनी निबंधकाकडे जातात. परंतु ठरलेली फी भरून ती कोणालाही पाहता येतात. व्यवहार करण्यापूर्वी ती पाहण्याची प्रथा मात्र लहान व्यावसायिकांत फारशी नाही.

नोंदणी न केल्यास

नोंदणीचे बंधन मोडल्यास ३९२ व्या कलमान्वये कंपनीस एक लाखापासून तीन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि कसूर चालू राहिल्यास दररोज पन्नास हजारांपर्यंत वाढीव दंड होऊ शकतो. कोट्यवधींच्या कंत्राटांत ही रक्कम मोठी नाही. खरी शिक्षा ३९३ व्या कलमात आहे. त्यानुसार नोंदणी न केल्यामुळे कंपनीने केलेला करार रद्द होत नाही, आणि तिच्याविरुद्ध दावा लावण्यासही बाध येत नाही. परंतु कायद्याची पूर्तता होईपर्यंत त्या करारासंबंधी दावा, वजावट, प्रतिदावा अथवा अन्य कारवाई करण्याचा कंपनीचा हक्क स्थगित राहतो. १९५६ च्या अधिनियमातील ५९९ वे कलम ह्याच स्वरूपाचे होते.

ह्या रचनेतील विचार समजून घेतला पाहिजे. करार निरर्थक ठरविला असता, तर सर्वाधिक नुकसान माल देऊन बसलेल्या स्थानिक माणसाचेच झाले असते. कंपनी आपल्याच कसुरीचा आधार घेऊन मोकळी झाली असती. म्हणून कायद्याने करार जिवंत ठेवला, पण न्यायालयाचे दार एकाच बाजूने बंद केले. ते उघडण्याची किल्लीही कंपनीच्याच हाती दिली. नोंदणी पुरी केली की दार उघडते. दंडापेक्षा हा उपाय अधिक परिणामकारक असण्याचे कारण असे की, मोठ्या बांधकामात कंत्राटदाराला स्वतःची थकलेली बिले वसूल करण्यासाठी केव्हा ना केव्हा न्यायालयाची गरज पडतेच.

नोंदणीचे अन्य प्रकार

वर वर्णन केलेली नोंदणी जबाबदारी निश्चित करण्यासाठी असते. तिच्याहून भिन्न अशा आणखी दोन प्रकारांशी तिची गल्लत होते.

पहिला प्रकार पात्रतेच्या नोंदणीचा. मलेशियात १९९४ च्या कायद्याने बांधकाम उद्योग विकास मंडळाकडे नाव नोंदविल्यावाचून कोणत्याही कंत्राटदाराला, मग तो देशी असो वा परदेशी, काम घेता येत नाही. श्रीलंकेतही २०१४ च्या ३३ क्रमांकाच्या अधिनियमाने परदेशी कंत्राटदारांसाठी नोंदणीची व्यवस्था केली. ब्रिटनची पद्धती मात्र भारतासारखीच आहे. तेथे कार्यालय उघडल्यापासून एका महिन्यात कंपनीने नाव नोंदवावयाचे असते, आणि तिच्या कौशल्याची परीक्षा ह्या नोंदणीत होत नाही. भारतात सर्व बांधकाम व्यवसायाला लागू होणारा पात्रतेच्या नोंदणीचा मध्यवर्ती कायदा नाही. सार्वजनिक बांधकाम विभागासारखी खाती आपापल्या कामांपुरती कंत्राटदारांची वर्गवारी करतात. तेव्हा कंपनी निबंधकाकडे नाव आहे एवढ्यावरून पूल मजबूत होईल, असा निष्कर्ष काढता येणार नाही.

दुसरा प्रकार सुरक्षिततेचा. जुलै २०२० मध्ये केंद्रीय वित्त मंत्रालयाने असा आदेश काढला की, भारताशी भूसीमा असलेल्या देशांतील बोलीदारांनी सरकारी निविदा भरण्यापूर्वी सक्षम प्राधिकरणाकडे नोंदणी केलेली असावी. हा अटकाव निविदेच्या आधीचा आहे. कंपनी कायद्याची नोंदणी कार्यालय उघडल्यानंतरची आहे. एकीचे प्रयोजन राज्याच्या हिताचे, तर दुसरीचे सामान्य धनकोच्या हिताचे आहे.

गिट्टी पुरविणाऱ्याचा प्रश्न

तत्त्व प्रत्यक्षात कसे चालते हे पाहण्यासाठी एक कल्पित प्रसंग घेऊ. परदेशात स्थापन झालेल्या एका कंपनीला जिल्ह्यात बोगद्याचे कंत्राट मिळाले आणि तिने गोंदियात भाड्याच्या घरात प्रकल्प कार्यालय उघडले. सडक अर्जुनी तालुक्यातील एक गिट्टीखाणवाला तिला आठ महिने गिट्टी व मुरूम पुरवितो. शेवटच्या तीन महिन्यांचे पैसे थकतात.

त्याने प्रथम हे पाहावयास हवे की, आपला करार नेमका कोणाशी आहे. मूळ परदेशी कंपनीने स्वतः कार्यालय उघडले असेल, तर येथवर वर्णिलेली सर्व कलमे लागू होतात. परंतु तिने त्याच नावाशी मिळतीजुळती एखादी उपकंपनी भारतात स्थापन केली असेल, तर ती उपकंपनी कायद्याने भारतीय होय. तिला बाविसावे प्रकरण लागू नाही, आणि तिच्या ऋणांची जबाबदारी सर्वसाधारणपणे तिच्या स्वतःच्या भांडवलापुरती व मालमत्तेपुरती असते. मूळ कंपनीचे जागतिक नाव पाहून उधार देणाऱ्याची येथे फसगत होण्याचा संभव असतो. तिसरी शक्यता अशी की, करार केवळ पोटकंत्राटदाराशी असावा. तेव्हा परदेशी कंपनीची नोंदणी कितीही चोख असली, तरी तिच्याशी त्याचा थेट करारसंबंध नसतो.

करार मूळ कंपनीशीच आहे असे मानले, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या विसाव्या कलमानुसार गोंदियातील कार्यालयाच्या व्यवहारातून उद्भवलेला दावा गोंदियाच्या अधिकारक्षेत्रात लावता येतो. खाणवाल्याने सूक्ष्म अथवा लघु उद्योग म्हणून आपली नोंदणी केली असेल, तर २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियमाचा आधारही त्याला मिळतो. त्या अधिनियमाने पैसे देण्याची लेखी मुदत पंचेचाळीस दिवसांहून अधिक ठेवता येत नाही, आणि थकबाकीचा वाद सुविधा परिषदेकडे नेता येतो. परिषदेचे अधिकारक्षेत्र पुरवठादाराच्या ठिकाणावरून ठरते. खरेदीदार भारतात कोठेही असला तरी चालतो. परंतु तो भारतात असला पाहिजे. येथे कंपनीच्या नोंदलेल्या पत्त्याचे मोल पुन्हा प्रत्ययास येते. ह्यात दुसरीही बाजू आहे : कंपनीने नोंदणी केली पण पुरवठादाराने स्वतःची केली नाही, तर हा मार्ग त्याला बंद होतो.

सर्वांत निर्णायक क्षण कंपनीच्या प्रयाणाचा असतो. प्रकल्प कार्यालयांचे नियमन रिझर्व्ह बँकेच्या २०१६ च्या विनियमांनी केले. कंत्राट मिळालेल्या परदेशी कंपनीला, प्रकल्पाच्या पैशाची सोय ठरावीक मार्गांनी झालेली असल्यास, असे कार्यालय उघडण्याची सर्वसाधारण परवानगी त्यांत दिलेली आहे. काम चालू असताना पैसे परदेशी पाठवावयाचे झाल्यास, भारतातील देण्यांसाठी पुरेशी तरतूद केल्याचे लेखापरीक्षकाचे प्रमाणपत्र बँकेला द्यावे लागते. कार्यालय बंद करून शिल्लक रक्कम नेताना सर्व देणी भागविली अथवा त्यांची तरतूद केली असल्याचा दाखला, तसेच भारतातील कोणत्याही न्यायालयात कार्यालयाविरुद्ध कारवाई प्रलंबित नसल्याची लेखी खात्री, अशी कागदपत्रे त्या वर्षीच्या निदेशांनी मागितली.

ह्याचा अर्थ खाणवाल्याच्या दृष्टीने फार मोठा आहे. ज्याचा दावा त्या दिवसापूर्वी दाखल झाला आहे, तो कंपनीच्या वाटेत कागदोपत्री उभा राहतो. ज्याने केवळ फोन केले आणि आश्वासनांवर विसंबून वाट पाहिली, तो लेखापरीक्षकाच्या दप्तरात कदाचित दिसणारही नाही. दावा लावल्यावर कंपनी मालमत्ता हलवीत असल्याचे दाखविता आले, तर संहितेच्या ३८ व्या आदेशान्वये निकालापूर्वी जप्तीही मागता येते. पैसे एकदा सीमेपलीकडे गेल्यावर मात्र हुकूमनाम्याची अंमलबजावणी त्या देशाच्या कायद्यावर अवलंबून राहते. परदेशी कंपनी येथील धंदा बंद करून मायदेशी विसर्जित झाली, तरीही २०१३ च्या अधिनियमाच्या ३७६ व्या कलमान्वये भारतात तिचे समापन करता येते. परंतु येथे मालमत्ताच उरली नसेल, तर त्या उपायातून प्रत्यक्षात फारसे काही हाती लागत नाही.

मजुरांची स्थिती

मजुरांच्या बाबतीत कायद्याने निराळा मार्ग धरला आहे. मालक देशी की परदेशी, हा भेद तेथे गौण आहे. १९७० चा कंत्राटी कामगार अधिनियम, १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार अधिनियम आणि १९९६ चा इमारत व इतर बांधकाम कामगार अधिनियम ह्यांनी आस्थापनेची नोंदणी सक्तीची केली होती. नोव्हेंबर २०२५ मध्ये ह्यांची जागा २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने घेतली. कंत्राटदाराने वेतन थकविल्यास ते देण्याची जबाबदारी मुख्य मालकावर येते, हे १९७० चे तत्त्व नव्या व्यवस्थेतही कायम राहिले. गोंदिया हा दोन राज्यांना लागून असलेला जिल्हा असल्याने बालाघाट व राजनांदगावकडील मजूर येथील कामांवर येणे स्वाभाविक आहे. त्यांच्या वेतनाचा माग साखळीतून वर, मुख्य मालकापर्यंत घेता येतो. गिट्टीवाल्याच्या बिलाला अशी शिडी नाही. लहान पुरवठादार हा ह्या साऱ्या रचनेतील सर्वांत कमी संरक्षित घटक आहे, असे म्हणावे लागेल.

सारांश

१८९० मध्ये कलकत्त्याच्या एजंटावर नोटीस बजावण्याची जी सोय रेल्वेपुरती केली गेली, तीच १९१३, १९५६ व २०१३ च्या कायद्यांतून सर्व परदेशी कंपन्यांसाठी व्यापक झाली. ह्या नोंदणीने बांधकामाची प्रत सिद्ध होत नाही, आणि पैशाची हमीही मिळत नाही. तिच्यामुळे परक्या कंपनीला येथील न्यायालयापुढे बोलावता येते, आणि नोंदणी टाळणाऱ्या कंपनीला त्याच न्यायालयाची मदत नाकारली जाते. हे संरक्षण कार्यान्वित होण्यासाठी दुसऱ्या पक्षानेही तीन गोष्टी करावयास हव्यात : करारावरील नाव निबंधकाच्या दप्तराशी ताडून पाहणे, स्वतःची उद्योग-नोंदणी करून ठेवणे आणि कंपनीचे कार्यालय बंद होण्यापूर्वी आपली मागणी लेखी व रीतसर दाखल करणे. जिल्ह्याच्या ठिकाणी ह्या माहितीचा प्रसार कितपत झाला आहे, आणि पुरवठादाराचे येणे कार्यालय बंद करण्याच्या प्रक्रियेत अधिक निश्चितपणे कसे नोंदविता येईल, हे दोन्ही प्रश्न वाणिज्य व विधी ह्या शाखांच्या अभ्यासकांनी प्रत्यक्ष पाहणीने तपासण्यासारखे आहेत.